रमणकाकांचं मत

हे मी अजून कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, मुलीला नाही. देवापुढे उभी राहते तेव्हाही दुसरंच काहीतरी मागते आणि मोकळी होते. मग तुम्हाला का सांगतेय? तुम्ही मला ओळखत नाही, एवढंच.

आणि ओळखत असतात तर विश्वास ठेवला नसतात. मी फटकळ म्हणून प्रसिद्ध आहे. सुरतेत वेड रोडला आमच्या गल्लीत पाण्याच्या टँकरवाल्यालासुद्धा माझी भीती वाटते. खोटं बोलणाऱ्याची मी भर रस्त्यात पिसं काढते — आणि मीच...

जाऊ द्या. पहिल्यापासून सांगते.

माझं माहेर इथल्याच उधन्याचं, मूळ गाव धुळ्याकडचं. बारावीपर्यंत शिकले, मग वीस वर्षं एका डॉक्टरांकडे केसपेपर काढले. त्यामुळे इंग्रजी वाचता येतं — सगळा अर्थ लागतोच असं नाही, पण वाचता येतं. डॉक्टरांनी दवाखाना बंद केला तेव्हा त्यांनीच मला अडाजणला रमणकाकांकडे पाठवलं. काकांना वाचून दाखवणारी बाई हवी होती. त्यांच्या डोळ्यांच्या बरोबर मधे डाग पडलाय. खिडकीचा पडदा कडेनं दिसतो, समोरच्या माणसाचं तोंड दिसत नाही. रोज सकाळी साडेनऊला जायचं, पेपर वाचायचा, टपाल वाचायचं, गोळ्यांची नावं वाचायची.

काका मूळ सुरतचेच. चाळीसएक वर्षं इंग्लंडात, मोजे-बनियनच्या कारखान्यांच्या एका गावात राहिले. तिथलाच पासपोर्ट. बायको, सविताकाकी, तिकडेच वारल्या. त्यानंतर काका परत आले. मुलगा कॅनडात असतो, रविवारी फोन करतो.

दोन हजार चोवीस साल. त्या वर्षी आमच्याकडे लोकसभेचं मतदान झालंच नाही, आठवतंय ना? एकाचा फॉर्म बाद झाला, बाकीच्यांनी मागे घेतले, एकच उरला, तो बिनविरोध. मी आदल्या आठवड्यात मतदार कार्ड शोधून प्लास्टिकच्या पिशवीत घालून ठेवलं होतं. ते तसंच राहिलं. माझा भाऊ उधन्याला — तो भाग शेजारच्या मतदारसंघात येतो — शाई लावलेलं बोट नाचवत घरी आला आणि म्हणाला, "काय बहीणबाई, तुमच्या बोटाला काय झालं?" सगळे हसले. मीही हसले. पण मला लागलं होतं. आम्ही इथे जन्म काढला आणि आम्हाला कुणी विचारलंसुद्धा नाही.

आणि पंधरा-वीस दिवसांत काकांच्या घरी इंग्लंडच्या निवडणुकीचा घोळ सुरू झाला! तिकडच्या सरकारनं नवा कायदा केला होता — तिकडचा नागरिक कितीही वर्षं बाहेर राहो, त्याला मत. काकांनी माझ्याकडून फॉर्म भरून घेतला. मतपत्रिका टपालानं येणार होती. अडाजणच्या तिसऱ्या मजल्यावर बसून इंग्लंडचं सरकार निवडायचं, आणि मी, सुरतची, चहा गाळणार. घरी सांगितलं तर आमचे हे म्हणाले, "तुले काय करनं शे त्यासना इलेक्शनशी?"

बरोबरच होतं त्यांचं. पण मला करायचं होतं. आता तेच सांगते.

माझी मुलगी रूपाली तिकडे इंग्लंडातच वृद्धाश्रमात काम करते. म्हाताऱ्यांना अंघोळ घालते, भरवते. तिचे कागद एजंटानं रखडवले, आणि तेवढ्यात नियम निघाला — वृद्धांची सेवा करायला येणाऱ्यांनी आता मूल-बाळ, नवरा आणायचा नाही. ती तरी गेली. पाठवणाऱ्यांत मीच पुढे होते, हेही लिहून घ्या. तिची चार वर्षांची चिकू माझ्याकडे राहिली. पोर फोनचा पडदा चाटायची. आईचा गाल म्हणून. मला बघवायचं नाही.

तर मंगळवारी काकांकडे मंडळी जमायची. छोटूभाई — त्यांचं तिकडे चाळीस वर्षं पेपर-सिगरेटचं दुकान होतं. इंदुबेन — काका कामाला होते त्याच कारखान्यात शिवण मारायच्या, युनियनमध्ये होत्या. दोघंही म्हातारपणी सुरतला परतलेले. लोचो, म्हणजे सुरती मऊ खमण, आणायचा, पुदिन्याचा चहा करायचा आणि वाद घालायचा. मी पक्षांना रंगानं ओळखायचे. छोटूभाई जन्मभर निळ्याचे, म्हणजे तेव्हाच्या सरकारवाल्यांचे. "दुकानदारने बीजुं कोण जुए?" म्हणजे दुकानदाराकडे दुसरं बघतंय कोण. पण आता त्यांनाही वीट आला होता, पंतप्रधान कपडे बदलावेत तसे बदलले म्हणत. इंदुबेन जन्मभर लालच्या, म्हणजे विरोधातल्यांच्या, आणि आता म्हणत, लाल धुऊन धुऊन फिकट गुलाबी झालाय, मी मतच देणार नाही. दोघं एकमेकांवर ओरडायचे आणि शेवटी एकमत व्हायचं की सगळे सारखेच. अहो, आमच्या नाक्यावरच्या पानाच्या गादीवरही हेच बोलतात! इंग्लंड काय नि वेड रोड काय.

एका मंगळवारी छोटूभाई म्हणाले, आता बस्स झालं, किती माणसं आणायची तिकडे, दार बंद करायला हवं. मी त्यांच्यासमोर कप ठेवत होते. त्यांच्या लक्षात आलं, तेव्हा म्हणाले, "तमारी रूपालीनी वात नथी, मंगलबेन." तुमच्या रूपालीचं नव्हे. मग कुणाचं? स्वतः गेले तेव्हा दार उघडं होतं, म्हणून गेले ना? मी काही बोलले नाही. मी! आणि रमणकाकाही बोलले नाहीत. चहा फुंकत बसले. मला छोटूभाईंपेक्षा काकांचा जास्त राग आला. का, ते मला आजही नीट सांगता येत नाही. त्यांनी माझी बाजू घ्यावी असं मला वाटत होतं, बहुतेक.

काका एवढे दिवस लालला मत द्यायचे. या वेळी त्यांनी वेगळंच ठरवलं. त्यांच्या गावातून एक बाई अपक्ष उभी होती. म्हाताऱ्यांना दिवसभर बसायला एक केंद्र होतं, ते बंद होऊ नये म्हणून ती भांडत होती. सविताकाकी शेवटची तीन वर्षं रोज तिथे जायच्या, पत्ते खेळायच्या, भजनं म्हणायच्या. ती बाई त्यांना स्वतःच्या गाडीतून घरी सोडायची. "सविताने त्यां बहु गमतुं," काका म्हणाले. सविताला तिथे फार आवडायचं. छोटूभाई हसले, मत फुकट जाईल म्हणाले. काका म्हणाले, चाळीस वर्षं सवयीनं दिलं, हे एक मनानं देतो. पुढच्या निवडणुकीला मी असेन का?

हे सगळं मी ऐकलं होतं. म्हणजे मला ठाऊक नव्हतं असं म्हणायची सोय नाही.

जूनच्या अखेरीस पाकीट आलं. काकांनी त्याच दिवशी कुरिअरवाल्याला बोलावून ठेवलं. साडेदहा वाजले असतील. जेवणाच्या टेबलावर मी कागद पसरला. नावं वाचली. चौथं त्या बाईचं. सहावं लालवाल्याचं. मी विचारलं, फुली मारायची म्हणजे तो नको असं ना? आपल्याकडे शाळेत चुकलं की फुली. काका खूप हसले. तिकडे उलटं आहे म्हणाले, जो हवा त्याच्यासमोर चोकडी मारायची.

म्हणजे मला समजलं होतं. पुढे कित्येक महिने मी मनात एक सबब तयार ठेवली होती — कधी विचारलंच तर म्हणेन, फुलीचा घोटाळा झाला, मला वाटलं नको त्याला मारायची. ती खोटी आहे. मला नीट समजलं होतं.

मी पेन उचललं. डोक्यात काय होतं? चिकू होती. ज्या सरकारनं तिच्या आईला अडवलं ते पडायला हवं, आणि ते पाडणार लाल. या म्हाताऱ्याचं मत त्या अपक्ष बाईला जाऊन काय उपयोग? आणि छोटूभाईंचं ते वाक्य होतं. आणि — हेही सांगते — माझं न वापरलेलं कार्ड होतं. माझं मत गेलं, तर मी दुसऱ्याचं घेतलं. एवढं लख्ख त्या वेळी कळलं नव्हतं, पण हाताला कळलं असावं. मी सहाव्या नावासमोर फुली मारली. बॉलपेन दाबून.

"मारी?" काकांनी विचारलं.

"मारली."

मग त्यांनी हात पुढे केला. कुठे ते दाखव म्हणाले. मी त्यांचं बोट धरलं आणि फुलीवर ठेवलं. पेन दाबल्यामुळे कागदावर वळ उठला होता. त्यांनी त्यावरून दोनदा बोट फिरवलं आणि "हां" म्हणाले. त्यांच्या चेहऱ्यावर मला काय दिसलं ते मी सांगू शकत नाही. आनंद होता. साधा आनंद. त्या क्षणीसुद्धा मला थांबता आलं असतं. काका, चूक झाली, म्हणता आलं असतं. मी सहीच्या रेघेखाली पट्टी धरली, त्यांनी सही केली, मी पाकीट चिकटवलं. कुरिअरवाला आला आणि घेऊन गेला.

छोटूभाईंची मतपत्रिका निवडणूक होऊन गेल्यावर आली. त्यांनी चिडून पोस्टाला शिव्या घातल्या. इंदुबेननी फॉर्मच भरला नव्हता. तिघांत एकट्या काकांचं मत वेळेत पोचलं.

सरकार पडलं. लाल आला. काकांच्या गावातही लालच निवडून आला, एका मताची त्याला काही गरज नव्हती. आणि तो नियम? तो तसाच राहिला. रूपाली अजून एकटी तिकडे आहे. चिकू आता शाळेत जाते, गुजराती फाडफाड बोलते आणि आईशी फोनवर बोलायला तिला बोलवावं लागतं. म्हणजे मी जे केलं त्यानं कुणाचंच भलं झालं नाही. झालं असतं तर ते बरोबर ठरलं असतं का? नसतं.

निकालाच्या दुसऱ्या दिवशी काकांनी त्या बाईला किती मतं पडली ते फोनवर शोधायला लावलं. मी आकडा वाचला. फार नव्हता. ते म्हणाले, "एमांथी एक मारुं." त्यातलं एक माझं. मग परत वाचायला सांगितलं. मी परत वाचलं.

मी अजून त्यांच्याकडे जाते. सकाळी साडेनऊला. कुणी नवीन माणूस भेटायला आलं की काका ही गोष्ट सांगतातच — जन्मात एकदा मनासारखं मत दिलं, सवितासाठी दिलं, आणि तिघांत माझंच पोचलं. आणि शेवटी म्हणतात, खोटं वाटत असेल तर या मंगलबेनला विचारा, तिच्याच हातानं मारलंय. पाहुणे माझ्याकडे बघतात. मी मान हलवते. पण काकांना हललेली मान दिसत नाही, ते वाट बघत थांबतात. म्हणून दर वेळी मला ते तोंडानं म्हणावं लागतं — हां, काका.