बेंदराच्या दिवशी टोचणी

मला विद्यार्थ्यांचा प्रतिनिधी केलं ते माझ्या आवाजानं. उंब्रजला आमच्या मळ्यात या बांधावरून त्या बांधावरच्या माणसाला हाका मारायची सवय, त्यामुळे साधं बोललो तरी भांडल्यासारखं वाटायचं. गुरांच्या डॉक्टरकीच्या कॉलेजात शेवटच्या वर्षाला येईपर्यंत सगळ्यांनी एकमतानं ठरवून टाकलं होतं की साहेबांशी बोलायचं ते ह्यानंच. एकमताचं कारण उघड होतं. दुसरं कुणीच पुढे व्हायला तयार नव्हतं.

लढाई चालू होती. शिकलेसवरलेले डॉक्टर लष्करातली घोडी-खेचरं बघायला गेले होते, म्हणून उन्हाळ्याच्या सुटीत आम्हा सातारा-सांगलीकडच्या पोरांना सांगलीच्या गुरांच्या दवाखान्यात मदतीला धाडलं. पावसाआधी गावोगावची जनावरं घटसर्पाची लस टोचून मोकळी करायची होती. आम्हाला वाटलं, चला, आता हाताला काम मिळणार. मिळालं. पिचकाऱ्या उकळायच्या, लसीच्या बाटल्या ओल्या पोत्यात गुंडाळायच्या आणि बैलाची वेसण धरून उभं राहायचं. सुई दवाखान्याच्या डॉक्टरसाहेबांच्या नाहीतर कंपाउंडरच्या हातात. आम्ही म्हणे बघून शिकायचं. बघून बघून पोहायला शिकलेला माणूस मी कृष्णेच्या घाटावर अजून पाहिलेला नाही.

माझा जीव खरोखर टांगणीला लागला होता. वर्षभरात परीक्षा, मग कुठल्यातरी तालुक्याला एकट्यानं जाऊन बसायचं, आणि माझ्या हातानं अजून एका शेळीलासुद्धा सुई लागलेली नव्हती. उद्या मारक्या खोंडाची मान धरून कुणी म्हणालं, ‘टोचा डाक्टर,’ तर मी काय पुस्तक उघडून बसणार? बाकीच्यांचीही तीच रड. म्हणून मी रोज साहेबांच्या टेबलासमोर उभा राहायचो. ते ऐकून घ्यायचे, मान हलवायचे आणि म्हणायचे, “बघू.” नळी फुंकली सोनारे, इकडून तिकडे गेले वारे.

अखेर एका दुपारी, बहुधा माझ्या आवाजाला कंटाळून, त्यांनी हो म्हटलं.

“मिरजेपलीकडच्या गावात पौर्णिमेला टोचणी आहे. तुम्ही मुलंच जा, तुमच्या हातानं टोचा. जमलं तर पुढची सगळी गावं तुमची. नाही जमलं तर हा विषय पुन्हा माझ्यासमोर नको.”

मी जवळजवळ पळतच खोलीवर आलो. बातमी ऐकून सगळ्यांनी मला खांद्यावर घ्यायचं तेवढं बाकी ठेवलं. फक्त मिरजेकडच्या एका पोरानं कपाळाला हात लावला.

“गड्या, ही ज्येष्ठातली पुनव. त्या गावात कर्नाटकी बेंदूर असतोय त्या दिवशी.”

आमच्या सातारकडचा बेंदूर आषाढात, म्हणून माझ्या डोक्यातही आलं नव्हतं. पण बेंदूर म्हणजे काय हे मला कुणी सांगायला नको होतं. बैलांच्या त्या सणाला बैलाच्या मानेवर जू नाही, पाठीवर चाबूक नाही. सुई तर लांबच राहिली. साहेब मुंबईचे. त्यांना दोन बेंदूर सोडाच, एकही ठाऊक नव्हता. मी तसाच परत चपला घालायला लागलो. म्हटलं, दिवस बदलून मागतो.

सगळे अंगावर आले.

“दिवस बदलायला गेलास तर परवानगीच काढून घेतील. गप बस की!”

“गाववाल्यांची समजूत काढू आमी.”

“आरं, न्हाई टोचून घ्यायची ती मानसं!” मिरजेकडचा ओरडला.

“तू आमचा प्रतिनिधी हाईस न्हवं?” मला कुणीतरी सुनावलं. “मग आमी म्हनतो ते बोलायचं. तुझं न्हवं.”

हात वर करून ठरलं. एका बाजूला आम्ही दोघं, दुसऱ्या बाजूला सगळी पलटण. बैलाचं हाड न् हाड पाठ असलेली ही पोरं, निम्मी शेतकऱ्याच्या घरातली, आणि बेंदराला बैल टोचायला निघाली! मला इतका संताप आला की त्या दिवशी घास गिळवला नाही. पण निवडून दिलेल्या माणसानं बहुमताच्या विरुद्ध जायचं नसतं, या तत्त्वाला मी धरून बसलो. तत्त्वं तेव्हा स्वस्त होती. गहू मिळत नव्हता.

पौर्णिमेला मिरजेच्या नाक्यावर पेटी न्यायला ठरवलेला गाडीवान आलाच नाही. तो त्याच गावचा. जू कसं ठेवणार? पेटी पाळीपाळीनं डोक्यावर घेऊन आम्ही उन्हातून चालत गेलो. गावात बैल न्हाऊनधुऊन उभे, शिंगांना हिंगूळ, पाठीवर झुली. आम्ही वेशीजवळच्या पारावर पेटी टेकवली. गावाचा कारभार बघणारा एक म्हातारा पुढे आला आणि काय काम काढलंत म्हणून विचारू लागला. मी सांगितलं.

“आज?” एवढंच तो म्हणाला. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

मी पेटीचं झाकण उघडू दिलं नाही. म्हाताऱ्यानं आम्हाला पंगतीला बसवलं. समजूत काढणारे शूरवीर मान खाली घालून पोळीवर पुन्हा तूप वाढून घेत होते. निघताना म्हातारा म्हणाला, “उद्या सकाळच्याला या. समदी जनावरं हितं आनतो.”

संध्याकाळी साहेबांसमोर उभा राहिलो.

“किती टोचली?”

“एकही नाही. बेंदूर होता.”

“हे आधी माहीत होतं?”

मी मागे बघितलं. सगळे आपापल्या चपला बघत होते.

“होतं.”

“मग बोलला का नाहीत? एरवी तर कान किटतात माझे.”

बाहेर आल्यावर तेच शहाणे मला म्हणाले, “तू म्होरक्या. तू जोर धराय पायजे हुतास.” चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ती ही. मी कुणाच्या थोबाडीत दिली नाही, याचं मला आजही वाईट वाटतं.

दुसऱ्या दिवशी साहेब स्वतः कंपाउंडरला घेऊन निघाले. आम्ही होतोच, वेसणी धरायला. पाराभोवती अख्ख्या गावाची जनावरं उभी होती, शिंगांचा हिंगूळ तसाच. मी पहिल्या बैलाची वेसण धरली. कंपाउंडर पिचकारी घेऊन पुढे आला तसा म्हातारा आडवा झाला.

“साहेब, कालच्या पोरांच्या हातनं टोचून घ्यायचं असं गावानं ठरिवलंया. बेंदराचा मान राखला त्येंनी. पेटी उघडली न्हाई.”

साहेब हसले. “त्यांची परवानगी कालची होती.”

म्हातारा माझ्याकडे वळला. “आवं डाक्टर, तुमी तरी बोला की. तुमीच म्होरकं न्हवं?”

आवाज घशापर्यंत आला होता. मागून कुणीतरी माझा सदरा ओढला आणि पुटपुटलं, “परीक्षेचा शेरा साहेबाच्या हातात हाय रं.” एकानं नाही, दोघातिघांनी. मी वेसण आणखी आवळली.

“टोचू द्या त्यांना, आजोबा,” मी म्हणालो. “मी धरलाय बैल.”

कंपाउंडरनं मानेजवळची कातडी चिमटीत धरली आणि सुई खुपसली. म्हातारा बैलाकडे नव्हे, माझ्याकडे बघत होता.

“मग काल कशाला आल्तासा?” त्यानं विचारलं, आणि तो पुढचा बैल आणायला गेला.