घोडीच्या पायातली आग

बदनापूरला सासऱ्यांची एक पांढरी घोडी होती, वरातीला जाणारी. लग्नसराई संपली की ती अंगणात नुसती उभी राहून खायची. मानेवर चरबीची जाड वळी चढली होती, आणि सासरे ती कौतुकाने थोपटायचे. एका सकाळी ती जागची हलेना. पुढचे पाय पुढे टाकून सगळा भार मागे घेऊन ताठ उभी.

सासऱ्यांनी आधी भिंतीकडे पाहिलं. पलीकडे दुसरा घोडीवाला राहायचा. वरातीच्या सुपाऱ्यांवरून दोघांचं बोलणं बंद होतं.

"त्यानंच कायतरी चारलंय."

जनावरांच्या डॉक्टरीणबाई आल्या. खुरांना हात लावला, ते तापलेले होते. रक्त तपासून त्या म्हणाल्या, "हिचं इन्सुलिन फार वाढलंय. माणसाच्या शुगरसारखाच आजार समजा. त्यानं खूर आतून सुजतात. गूळ, हरभरा, हिरवा घास बंद. उपाशी मात्र ठेवू नका. वाळलं गवत भिजवून, साखर उतरलेलं पाणी फेकून, तेवढंच मोजून द्या."

त्या गेल्यावर सासरे माझ्याकडे वळले. "घोडीला शुगर? औषधं खपवायची असतील."

तरी मी गवत भिजवू लागले. पायाखाली मऊ वाळू पसरली. घोडी थोडी चालू लागली, तसं सासऱ्यांनाही पटलं. पण ती पुन्हा अडली. चोरून गूळ चारल्याचा सासऱ्यांचा संशय आता माझ्यावर, आणि माझा त्यांच्यावर. त्यांनी गुळाचा डबा कपाटात कुलूपबंद केला. ते घोडीकडे गेले की मी खिडकीशी जाऊन उभी राहायचे.

एका दुपारी भिंतीवरून एक हात आत आला. तळव्यावर गुळाचा खडा. मी ओरडले तशी शेजाऱ्याची मान वर आली.

"तुम्ही तिला उपाशी मारून राह्यले, ताई," तो म्हणाला. त्याचे डोळे भरले होते. "नुस्तं वाळलं गवत! मला बघवंना, म्हणून टाकत होतो."

मी त्याला सगळं समजावलं. त्याने गूळ मुठीत दाबला. "मला काय म्हाईत? आता न्हाई देणार."

त्याने शब्द पाळला. पावसाळा सरता सरता घोडी बारीक झाली, नीट पाय टाकू लागली. त्या वर्षी तिला वरातीला मात्र नेलं नाही. सासऱ्यांना मी शेजाऱ्याचं म्हणणं सांगितलं, त्याचे डोळे भरले होते तेही. त्यांनी ऐकून घेतलं आणि भिंतीवर पत्रा ठोकला.

"रडायला काय, कोणीबी रडतं," ते म्हणाले.