गार्डाचा कागदी डबा

कारखान्यात ऊस आला नाही त्या वर्षी मी मालगाडीचे नऊ डबे बांधले. कागदाचे. प्रत्येक डबा वीतभर लांब, चार बोटं उंच. दारं, शिड्या, कड्या सगळं जिथल्या तिथं. हे सांगितलं की माणसं दोन प्रश्न विचारतात. नातवंडांसाठी का? आणि मग, त्याचा उपयोग काय? पहिल्याचं उत्तर ‘नाही’ असं आहे आणि दुसऱ्याचं ‘काही नाही’. पण माणसांना तेवढ्यानं भागत नाही, म्हणून अलीकडं मी ‘हो, नातवंडांसाठी’ असं सांगून मोकळा होतो.

मी आमच्या भागातल्या एका सहकारी साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर कारकून होतो. उसाची गाडी आली की भरलेली तोलायची, रिकामी होऊन निघाली की पुन्हा तोलायची. हंगामात बैलगाड्यांची रांग मारुतीच्या देवळापर्यंत जायची. मग लागोपाठ दोन पावसाळे कोरडे गेले. उभा ऊस चारा छावणीतल्या जनावरांच्या दावणीला गेला, तोडणीची माणसं कर्नाटकाकडं निघून गेली आणि कारखान्याचं धुराडं नुसतं उभं राहिलं. आम्हा थोड्या जणांना राखणीला ठेवल्यासारखं ठेवलं होतं. मी रोज काट्याच्या खोलीत जाऊन बसायचो आणि काटा शून्यावर आहे ना ते बघायचो. तो शून्यावरच असायचा.

कर्मचाऱ्यांच्या कॉलनीत टँकर दहा दिवसांतून एकदा यायचा. आमची ही ‘पंधरा दिवस जाऊन येते’ म्हणून पुण्याला लेकीकडं गेली. तिथं नळाला रोज पाणी येतं, त्यामुळं तिचे पंधरा दिवस काही संपेनात. मी तिला दोष देत नाही. थोडासा देतो.

कागदी डब्यांचं खूळ लागलं ते पुण्यातच, तिला भेटायला गेलो तेव्हा. जावयानं कुठल्याशा प्रदर्शनातून एक पाकीट आणलं होतं आणि कपाटावर टाकून दिलं होतं. कुणा हौशी माणसानं आपल्याकडच्या मालगाड्यांचे डबे जाड कागदावर छापले होते. छाप कापायचा, घडी घालायची, चिकटवायचा, की डबा उभा राहतो. मी ते पाकीट मागून आणलं. पुढचे कागद जावई आपल्या ऑफिसातून छापून टपालानं पाठवत राहिला. सासऱ्यानं पहिल्यांदाच काही मागितलं होतं, त्याला बरंच वाटलं असावं.

काम दिसतं तेवढं सोपं नाही. घडीच्या रेघेवर आधी दाभणाच्या टोकानं दाब द्यावा लागतो, नाहीतर कागद फाटल्यासारखा मोडतो. कापलं की कडेला कागदाचं पांढरं पोट दिसतं. त्यावर रंगीत पेन्सिल फिरवली नाही तर सगळी मेहनत वाया. छताला गोलाई यावी म्हणून मी कागद लाटण्यावर गुंडाळून ठेवायचो. लाटणं तसंही रिकामंच होतं, मी भाकरी थापायचो आणि तीही वाईट. गार्डानं हातात धरायच्या कड्या विहिरीवरच्या जळालेल्या मोटारीच्या तांब्याच्या तारेच्या केल्या. तशा मोटारी त्या वर्षी कुणाकडंही मिळायच्या. बोटाला लागलेला डिंक धुवायला पाणी खर्च करवत नसे, म्हणून तो वाळू द्यायचो आणि मग नखानं सोलून काढायचो. उन्हाळ्यात हवा इतकी कोरडी की टेबलावर ठेवलेला कागद दुपारपर्यंत आपोआप वाकायचा. त्याच्यावर वजन म्हणून मी काट्याचं जुनं रजिस्टर ठेवायचो.

एकटं वाटायचं. हे सरळ सांगून टाकतो, कारण त्या दिवसांत मी ते कुणालाच सांगितलं नाही. फोनवर ही विचारायची, काय करताय? मी म्हणायचो, काम आहे. डबा पूर्ण झाला की तो खिडकीत ठेवायचा आणि कुणीतरी बघावा असं वाटायचं. कुणीतरी म्हणजे कोण, हे मला पक्कं ठाऊक होतं. माझा थोरला भाऊ.

दादा परळीला रेल्वेत होता. लांब दांड्याचा हातोडा घेऊन मालगाडीच्या कडेनं चालायचं, प्रत्येक चाकावर ठोका मारायचा आणि आवाजावरून चाकाला तडा आहे का ते ओळखायचं, हे त्याचं काम. नोकरी परळीला असली तरी युसूफ वडगावच्या पलीकडं आमची वडिलार्जित जमीन होती आणि त्या जमिनीमुळं तो आमच्या कारखान्याचा सभासद होता. तिथंच माशी शिंकली.

कारखान्याच्या वार्षिक सभेची एक रीत होती. विषय वाचायला सुरुवात झाली की पुढच्या रांगांतून ‘मंजूर, मंजूर’ असा गजर व्हायचा, आणि विषय काय होता हे कुणाला कळायच्या आत पुढचा विषय यायचा. या गजरासाठी आम्हा कर्मचाऱ्यांना पुढं बसवलेलं असे. तेही एक दुष्काळाचं साल होतं, याच्या अकरा वर्षं आधीचं. दादा रजा टाकून, इस्त्रीचा शर्ट घालून सभेला आला होता. चिठ्ठीवर प्रश्न लिहून आणला होता: कारखान्याच्या तळ्यात पाणी आहे, मग खालच्या तीन वस्त्यांना ते का मिळत नाही? तो उठला, चिठ्ठी उघडली, आणि दोन शब्द वाचतो न वाचतो तोच आम्ही गजर केला. मीही केला. तो थांबला, त्यानं पुढं बघितलं, आणि उघड्या तोंडाचा मी त्याला दिसलो. त्यानं चिठ्ठी घडी करून खिशात ठेवली आणि खाली बसला.

त्यानंतर तो माझ्याशी बोलला नाही. माझ्या लेकीच्या लग्नाला आला नाही. आई गेली तेव्हा दहाव्याला आम्ही एकाच पंगतीत बसलो होतो. मीठ माझ्यासमोर होतं आणि त्यानं ते वहिनीला पलीकडून बोलावून मागितलं. मी कधी परळीला गेलो नाही. जाऊन काय बोलायचं?

मग त्या उन्हाळ्यात वहिनीचा फोन आला.

“भावजी, त्यांची नजर गेली. शुगरनं. आता उजेड-अंधार तेवढा कळतो.”

मग ती म्हणाली, “या म्हनत न्हाई मी. पन आलात तर दार लावनार न्हाई.”

जावयानं पाठवलेल्या कागदांत गार्डाचा डबा मी मुद्दाम मागं ठेवला होता, कारण तो सगळ्यांत अवघड. मालगाडीच्या अगदी शेवटी असतो तो, दोन्ही टोकांना उघडा ओटा आणि मधे एकट्या गार्डाची खोली. तो मी बांधायला घेतला. डोळ्यांनी बघता येणार नाही तर बोटांना सगळं कळलं पाहिजे, म्हणून छापलेलं प्रत्येक दार वेगळं कापून वर चिकटवलं, प्रत्येक पट्टी उंच केली. दीड महिना लागला. दादानं माझ्याशी एक वाक्य बोलावं, एवढंच मला हवं होतं.

चाकांच्या ठिकाणी अडलो. कागदाचे चार थर चिकटवून चाक कापायचं होतं आणि आसाला उदबत्तीची काडी. सूचना इंग्रजीत, पण चित्रात स्पष्ट दिसत होतं की चाकं काडीला डिंकानं पक्की करायची. मला हसू आलं. चाक आसाला चिकटवलं तर ते फिरणार कसं? आयुष्यभर मी चाकंच बघत आलो होतो. छापणाऱ्याची चूक आहे असं ठरवून मी भोक थोडं मोठं केलं, चाकं काडीवर सैल बसवली आणि बाहेरून मेणाचा ठिपका लावला, गाडीच्या चाकाला खीळ लावतात तसा. बोट लावलं की गरकन फिरायची. स्वतःवर लई खूश झालो.

बुटांच्या खोक्यात कापूस घालून डबा ठेवला आणि अंबाजोगाईला गाडी बदलून परळी गाठली. खोकं मांडीवरून खाली ठेवलं नाही. कंडक्टर म्हणाला, “अंडी हायेत का काका?” मी हो म्हणालो.

दादा अंगणात खुर्चीवर बसला होता. वाळला होता, डोळे माझ्या डोक्यावरून पलीकडं. वहिनी म्हणाली, “भावजी आलेत.” तो काही बोलला नाही. मी बाजेवर बसलो. वहिनीनं चहा दिला, तो प्यालो. तिकडं रुळांवरून एक मालगाडी गेली, तो मान तिरकी करून शेवटपर्यंत ऐकत राहिला. अर्धा तास असा गेला. शेवटी मी उठलो, डबा काढला आणि त्याच्या दोन्ही हातांत ठेवला.

त्याची बोटं आधी थबकली. मग छतावरून गेली, कडांवरून उतरली, तारेच्या कड्यांपाशी आली. ओट्यावर आली तेव्हा तो हलकेच मान हलवत होता. दार, खिडकी, पायरी. मग खाली चाकं. त्यानं एक चाक अंगठ्यानं फिरवलं. दुसऱ्या हाताचं बोट पलीकडच्या चाकावर ठेवून पुन्हा फिरवलं. कपाळाला आठी पडली.

“हे कुनी केलं?”

अकरा वर्षांनी ऐकलेला आवाज. मी म्हणालो, “मी.”

“चाक कावून असं फिरतंय?”

“चाक हाय दादा, फिरनारच की.”

“एक फिरतंय अन् दुसरं गप बसलंय. बैलगाडी हाय का बे ही?”

मी भोक मोठं केल्याचं सांगितलं. छापणाऱ्याची चूक सुधारल्याचंही सांगितलं. दादा हसायलाच लागला. इतका की वहिनी आतून बघायला आली. “रेल्वेत चाक आसावर फिरत न्हाई,” तो म्हणाला. “आस अन् दोन्ही चाकं मिळून एकच जिन्नस. आस फिरतो तवा दोन्ही फिरतात. तू जल्मभर बैलगाड्या तोलल्या, तुला कुठून ठावं असनार.”

चाकं तिथंच दुरुस्त करायचं ठरलं. वाटेत काही निखळलं तर असू दे म्हणून डिंक मी बरोबर नेलाच होता. मोठ्या झालेल्या भोकात कागदाची बारीक पट्टी गुंडाळून बसवली, डिंक लावला, आणि दोन्ही चाकं सरळ रेषेत राहावीत म्हणून दादानं ती दोन अंगठ्यांमधे धरली. त्याच्या बोटांना ते माझ्या डोळ्यांपेक्षा नीट कळत होतं. डिंक वाळेपर्यंत हलायचं नव्हतं. तेव्हा मला धीर आला.

“दादा, त्या सभेत मी वरडलो.”

“वरडायला सगळेच वरडले,” तो म्हणाला. “पगारी मानसं तुमी, वरडनारच. मी काय खुळा हाय का? त्याचा राग मला तवाबी नव्हता.”

“मग?”

“सभा सुटल्यावर मी गेटासमोर बसलो व्हतो. लिंबाखाली. म्हनलं, तू येशील, घरी चल म्हनशील. समोर हाटेल व्हतं, चहाबी घेतला न्हाई, तुझ्याकडंच घ्यायचा म्हनून. शेवटच्या यष्टीपर्यंत बसलो.”

मी बोटाला लागलेला डिंक नखानं सोलू लागलो.

“तुला ठावं व्हतं का रं, मी तिथं बसलोय ते?”

काट्याच्या खोलीची खिडकी गेटाकडंच उघडते. त्या दिवशी मी सभेतून थेट तिथं गेलो होतो. तो मला सगळा वेळ दिसत होता. ऊन सरकलं तसा तो दोनदा उठून सावलीत सरकला. एकदा त्यानं खोलीकडं बघितलं तेव्हा मी दाराआड झालो. गेटात संचालकांची माणसं उभी होती. त्यांच्यादेखत त्याच्याशी बोललो तर नोकरीवर गदा येईल, अशी भीती होती. शेवटची गाडी आली, तो चढला, धूळ खाली बसली, तेव्हा मी खोलीला कुलूप लावलं आणि घरी जाऊन जेवलो.

दादाचे डोळे माझ्या चेहऱ्याच्या जरा बाजूला लागलेले होते. अंगठे चाकांवर तसेच.

“न्हाई दादा,” मी म्हणालो. “ठावं असतं तर आलोच असतो.”

त्यानं मोठा श्वास सोडला. “मी बी हिला तेच म्हनायचो कधीकधी. त्याला ठावं नसंल म्हनून. पन मन काही ऐकंना.” मग त्याचा आवाज बारीक झाला. “उगा अकरा वर्सं घालवली मी. तुझ्या लेकीच्या लग्नाला आलो न्हाई. आईच्या दहाव्याला तसं वागलो. चुकलं माझं. मनात ठिऊ नको.”

वहिनीनं पदर डोळ्यांना लावला. ती माझ्याकडं बघत होती, मी काय म्हणतो याची वाट बघत. खरं सांगायला तेवढा एक क्षण होता.

“जाऊ दे दादा,” मी म्हणालो, आणि त्याला माफ केलं.