नवशीचा वाघोबा

जव्हारला राजाचं राज्य होतं, तेव्हाची ही नवशी. जामसरच्या वरच्या पाड्यावर राहायची. पाड्यामागचा उतार नागलीसाठी तोडून, जाळून पार बोडका झाला होता, आणि त्यात सगळ्यांत पुढे कुऱ्हाड चालली होती ती तिच्याच नवऱ्याची, लाडक्याची. आधी नागली बरी आली. मग पावसानं वरची माती धुऊन खाली भाताच्या खाचरात आणून टाकली, वर नुसते दगड राहिले. उताराखालचा झरा होळीच्या आतच आटू लागला. तोडलेल्या ऐनाच्या बुंध्यांना दर साली फुटवे यायचे, आणि दर साली पुरुषमाणसं ते छाटून राबाला, म्हणजे रोपाची जमीन भाजायला, घेऊन जायची. "फुटवं राहू द्या, झरा जगंल," असं नवशी सांगून सांगून थकली. बाईचं ऐकतो कोण? लाडक्यानं तर ते हसण्यावारीच नेलं.

मग मानमोडीच्या तापाची साथ आली. त्या साली पावसानंही दगा दिला होता. घरोघरी माणसं आडवी झाली. तापानं फणफणलेला लाडक्या पाण्यासाठी कोरड्या झऱ्याकडे गेला आणि तिथंच पडला, तो उठलाच नाही. खांदा द्यायला पाड्यात कुणी धड नव्हतं. पोटुशी नवशीनं एकटीनं दगडमाती लोटून त्याला पुरलं. रडून रडून डोळे सुकले, तेव्हा तिला वरच्या बुंध्यांवरचे कोवळे फुटवे दिसले.

माणसं सावरली तशी लाडक्याच्या धाकट्या भावानं, सुकऱ्यानं, विचारलं, "भाऊस कठं?"

"वाघानं नेला. उतारावरना."

खोटं बोलली. खरं बोलून तरी तिच्या पदरात काय पडलं होतं? वाघानं माणूस नेलं की तिथं वाघोबा बसवायचा आणि त्याच्या रानाला कुऱ्हाड लावायची नाही, ही तिथली रीत. पाड्यातल्या म्हाताऱ्या पांड्यानं सागाच्या फळीवर वाघ कोरला. शेंदूर लागला, कोंबडं कापलं, फळी उतारावर उभी राहिली. त्यानंतर तिकडे कुणी कोयतासुद्धा नेला नाही.

नवशी मात्र जायची. पदरात मोहाच्या, बेहड्याच्या बिया, करवंदीची रोपं. माती अडावी म्हणून दगड रचायची. बाई पूजेला चालली, असं लोकांना वाटायचं. फुटव्यांची झाडं झाली, कारवी माजली, झरा भर वैशाखात वाहू लागला. लाडक्या गेल्यावर जन्मलेली तिची चैती तोवर आईच्या खांद्याला लागली होती. रानात भेकरं आली, डुकरं आली. त्यांच्या मागावर कोण येतं, हे नवशीला कळायला हवं होतं. पण पाणी बघून ती हरखून गेली होती.

पाणी हाकेच्या अंतरावर आलं, म्हणून चैती एकटीच जायची. एका दुपारी गेली, ती परतली नाही. झऱ्याकाठी भरलेलं मडकं होतं, आणि तिथून रक्ताचा माग वर झाडीत गेला होता.

पोरीचं जे हाती लागलं ते पुरून झाल्यावर नवशीनं लाडक्याची कुऱ्हाड काढली. तडक वर जाऊन पहिल्याच ऐनावर घाव घातला. मागून धावत आलेल्या सुकऱ्यानं तिचा हात धरला.

"सोड मना. वाघ नव्हताच. तुझा भाऊस तापानं मेला. मीच पुरला त्याला, झऱ्याच्या काठाला उकरून बघा."

पोरीपायी बिचारीचं डोकं फिरलं, असंच जमलेल्या सगळ्यांना वाटलं. उकरायला कुणी गेलं नाही.

"ह्या रान वाघोबाचा हाय, वहिनी," सुकऱ्या हळूच म्हणाला. "तुनंच त सांगला." त्यानं तिच्या हातातली कुऱ्हाड काढून घेतली.

दोघी बाया तिला धरून खाली घेऊन आल्या, तेव्हा अंगणात पांड्या दुसरी फळी कोरायला बसला होता.