खिडक्यांची वॉरंटी आणि अण्णांचे कान

खिडक्या बदलायच्या हे माझं म्हणणं. अण्णांचा विरोध होता.

अण्णा म्हणजे माझे थोरले भाऊ. सहकारी पतपेढीतून निवृत्त झालेले, लग्न न केलेले. माझे यजमान गेल्यावर मी शाळेतली नोकरी संपेपर्यंत तंजावरला राहिले आणि मग कुंभकोणमला त्यांच्याकडे आले. घर लहानसं, आमच्या वडिलांनी बांधलेलं. आम्ही पिढ्यान्पिढ्या इकडचेच तंजावरी मराठी; घरात आम्ही दोघंच, म्हणून घरात मराठी. उंबऱ्याबाहेर पाऊल टाकलं की तमिळ. ती मराठीही अशी की माझी पुण्याची सून आली की तोंडावर पदर धरून हसते.

लाकडी चौकटींना वाळवी लागली होती. ऐप्पसीच्या, म्हणजे आश्विन-कार्तिकातल्या, पावसात झडपा फुगायच्या आणि लागायच्याच नाहीत. पाणी आत येऊन गाद्या भिजायच्या. त्यात मागच्या गल्लीत नवं लग्नाचं सभागृह झालं. मुहूर्ताच्या दिवसांत पहाटेपासून सनईसारखं पण तिच्याहून मोठ्या आवाजाचं नादस्वरम् आणि त्यावर कर्णे. मी डोक्यावर उशी घेऊन पडायची. शेजारच्या खोलीत अण्णा शांत झोपलेले असायचे. मला त्यांचा हेवा वाटायचा.

"जाळी लावून घे. सुताराकडून झडपा तासून घे. काच कशाला?" ते म्हणायचे.

"डास येतात, पाणी येतं, आवाज येतो. आणखी काय यायचं राहिलंय?"

"वारा," अण्णा म्हणाले, आणि पेपर वर धरला.

तरी मी चौकशी सुरू केली. सागवानाची नवी खिडकी सगळ्यांत महाग निघाली, आणि सुतार हमी म्हणून फक्त स्वतःची मान डोलवत होता. ॲल्युमिनियम सगळ्यांत स्वस्त. यूपीव्हीसी, म्हणजे कडक प्लॅस्टिक, मधलं, पण तिथे हमी छापलेली होती, दहा वर्षांची. मी हरखले. मग छापलेलं नीट वाचलं. दहा वर्षं फक्त चौकटीची. चाकं, कडी, रबराची पट्टी यांचं एकच वर्ष. काचेचं काहीच नाही. भिंत आणि चौकट यांच्या फटीतून पाणी आलं तर तो बसवणाऱ्याचा प्रश्न, कंपनीचा नाही. आणि बसवणारा कंपनीचा माणूस नव्हता, दुकानदाराचा होता. म्हणजे जे कधी मोडत नाही त्याची हमी मोठी, आणि जे रोज हाताखाली येतं त्याची छोटी.

दुकानदाराने एक पत्ता दिला. जवळच्याच सुंदरपेरुमाळ कोयिल गावात एका घरी त्याने काही वर्षांपूर्वी अशाच खिडक्या बसवल्या होत्या. मी बसने गेले. घरची बाई माझ्याच वयाची. तिने मला खिडकी स्वतः सरकवायला लावली. एक चाक अडकत होतं.

"दुसऱ्या वर्षी बिघडलं," ती म्हणाली. "कंपनी म्हणते दुकानाला सांगा, दुकान म्हणतं कंपनीला सांगा. शेवटी पैसे देऊन बदललं, तेही पुन्हा गेलं."

"मग पस्तावलात?"

"छे. पाणी नाही, डास नाहीत. फक्त विकत घेतानाच विचारून ठेवा, बिघडलं तर कोण येणार. ते मी विचारलं नाही."

तिच्याकडून आल्यावर मी अण्णांना म्हटलं, एकदा दुकानात तरी चला. ते आले. घासाघीस करण्यात त्यांचा हात कोणी धरत नसे, आणि मला ते सोबत हवे होते.

दुकान बसस्टँडजवळच्या रस्त्यावर. नमुन्याची एक खिडकी थेट रस्त्याकडच्या भिंतीत बसवलेली. बाहेर बसगाड्यांचे भोंगे. विक्रेत्याने आम्हाला तिच्यासमोर उभं केलं आणि तमिळमध्ये म्हणाला, "आता ऐका, सार." त्याने एक पल्ला सरकवला.

अण्णांनी माझ्याकडे पाहिलं. खिडकीकडे नाही, माझ्या तोंडाकडे. मग मान हलवून म्हणाले, "वा! एकदम शांत."

विक्रेता अवघडून हसला. "सार, ही नुसती जाळी आहे. काच अजून लावायचीय."

भोंगे तसेच वाजत होते. अण्णाही हसले, "अरे हो, हो," म्हणाले. मग विक्रेत्याने काच लावली, आवाज खरोखर दबला, आणि अण्णांनी पुन्हा तसंच माझ्या तोंडाकडे पाहिलं.

 परतताना रिक्षात गेल्या काही महिन्यांतल्या गोष्टी एकामागून एक समोर येत होत्या. मी काहीही विचारलं तरी "हं" म्हणणं. फोन वाजला की "तूच घे" म्हणणं. भजनाच्या मंडळींत जाणं बंद करणं. मी समजत होते, वय झालं, माणूस घुमा झाला. आणि कर्ण्यांच्या गदारोळात लागणारी ती गाढ झोप!

घरी कॉफी करून त्यांच्यासमोर बसले. अगदी समोर, उजेडात.

"अण्णा, तुम्हाला ऐकू येत नाही."

त्यांनी पेला खाली ठेवला. "येतं," म्हणाले. "थोडं येतं. समोरून बोललीस तर येतं."

"सांगितलं का नाही?"

"काय सांगायचं? आणि कुणाला? घरात तू एकटी. तुलाही मोठ्याने बोलायला लावलं की मग तू बोलणंच कमी करशील." मग म्हणाले, "अगे, उघड्या खिडकीतून भाजीवाल्याची हाक अजून येते. पुसट, पण येते. काच लावलीस की तेवढंही जाईल, म्हणून नको म्हणत होतो."

माझी कॉफी तशीच राहिली. मी वाऱ्याच्या गोष्टीवरून त्यांच्याशी किती दिवस वाद घातला होता.

त्या महिन्यात खिडक्यांचं बाजूला पडलं. तंजावरच्या डॉक्टरांकडे कान तपासले. यंत्र घ्यावं लागेल म्हणाले. त्या यंत्राचीही वॉरंटी होती, आणि ती मात्र अण्णांनी स्वतः चष्मा लावून वाचली. घामाने बिघडलं तर? बॅटरी कुणाची? दुरुस्तीला गेलं तर तोवर दुसरं देणार का? विकणारी मुलगी उत्तरं देऊन थकली.

यंत्राला बरेच पैसे गेले, तेव्हा सगळ्या खिडक्या बदलणं शक्य राहिलं नाही. बसून ठरवलं. माझ्या खोलीची आणि मागच्या बाजूच्या, म्हणजे जिथून पाणी आणि कर्णे दोन्ही येतात त्या, यूपीव्हीसीच्या. रस्त्याकडची लाकडीच, सुताराने कुजलेला भाग कापून नवा जोड दिला. दुकानदाराकडून बिलावरच लिहून घेतलं की वर्षभर कडी-चाकं तोच बदलेल आणि फटीतून पाणी आलं तर तोच येईल. तो कुरकुरला, पण अण्णा समोर बसले होते. यंत्र लावून.

यंत्राची सवय सोपी नव्हती. कुकरच्या शिट्टीला दचकायचे. "पंखा एवढा ओरडतो?" असं विचारायचे. दुपारी काढून डबीत ठेवायचे, म्हणायचे डोकं दुखतं. मुहूर्ताच्या दिवशी पहाटे उठून यंत्र लावलं, मागची खिडकी उघडली, तर नादस्वरम् चालू; मला म्हणाले, "रोज असंच असतं? तू कशी झोपत होतीस?"

"झोपत नव्हते," मी म्हटलं.

पुढच्या पावसात मागच्या खिडकीची कडी अडकली. मी फोन उचलणार तोच अण्णांनी हात पुढे केला. कित्येक दिवसांत त्यांनी फोन घेतला नव्हता. मी स्वयंपाकघरात गेले, पण गॅस पेटवला नाही. आतून ऐकत राहिले. दुकानदार येण्याजाण्याचे वेगळे पैसे मागत असावा, कारण अण्णा तमिळमध्ये, पतपेढीतल्या जुन्या चढ्या आवाजात, बिलावरची ओळ त्याला वाचून दाखवत होते. मध्येच थांबायचे, त्याचं पूर्ण ऐकून घ्यायचे, आणि नेमकं त्यालाच उत्तर द्यायचे.

फोन ठेवून ते दारात आले.

"उद्या येतो म्हणाला. उद्या यायचा नाही. पण पैसे घेणार नाही."

तसंच झालं. तो परवा आला, कडी बदलून गेला, आणि अण्णांनी त्याला बसवून घेऊन कॉफी पाजली आणि तासभर गप्पा मारल्या.