मालूम नसंन त यवतमाळ

कंट्रोलरताईचा आवाज दार, भिंत, जिना कशालाच जुमानत नसे. यवतमाळच्या आमच्या प्रशिक्षण केंद्रात ती खाली चप्पल काढताना चौकीदाराला काय म्हणाली, हे वरच्या मजल्यावर पंखे आणि सगळे संगणक चालू असतानाही आम्हाला कळायचं. तिला कुजबुजता येत नव्हतं. एकदा तिने माझ्या कानाशी तोंड आणून सरांच्या नव्या शर्टाबद्दल काहीतरी गुपित सांगितलं आणि फळ्याकडे तोंड करून लिहीत असलेले सर न वळताच म्हणाले, "बायकोनं आणला आहे, घालावा लागतो."

माझं नेमकं उलट होतं. माझ्या शाळेच्या प्रत्येक प्रगतिपुस्तकात एकच शेरा असायचा, की मुलगी हुशार आहे पण बोलत नाही. इंग्रजी शाळेत मी इंग्रजीत गप्प होते, घरी मराठीत. नेटवर्कचा कोर्स निवडण्याचं एक कारण हेही होतं. कार्यालयातले संगणक एकमेकांना जोडायचे, जोडलेले ठेवायचे आणि तुटले तर कुठे तुटले ते शोधायचं, अशा कामात माणसांशी फारसं बोलावं लागणार नाही, असं मला वाटलं होतं. पहिल्याच दिवशी मी शेवटच्या बाकावर, भिंतीतल्या कपाटाशेजारी बसले. थोड्या वेळाने ती आली, सगळा वर्ग नजरेखालून घातला आणि माझ्याच शेजारी येऊन बसली. वर्गात तिच्याएवढ्या वयाचं कोणी नव्हतं. तिची मुलगी शाळेत होती, आम्ही बाकीचे नुकतेच कॉलेजातून बाहेर पडलो होतो. मी तिला "तुम्ही" म्हणाले, तर ती माझ्याकडे बघतच राहिली.

"तुम्ही-तुम्ही कायले करतं वं? मी का तुही मास्तरीण हाय?"

कंट्रोलरताई हे नाव तिला पुढच्या काही दिवसांत पडलं. तिचे बाबा दारव्ह्याच्या एसटी स्टँडवर कंट्रोलर होते. आई शेतात जायची, म्हणून शाळा सुटल्यावर ही बाबांच्या केबिनमध्ये बसून अभ्यास करायची. बाबा जेवत असले की माइक हिच्या हातात यायचा. कुठली गाडी कुठल्या फलाटावर लागली, हे शाळकरी वयात तिने सगळ्या स्टँडला ओरडून सांगितलेलं. आवाज तिथे कमावला होता. पण नाव पडायला कारण झाला राउटर. सर आम्हाला राउटर शिकवत होते. एका नेटवर्कमधून आलेला निरोप पुढे कुठल्या वाटेने धाडायचा, हे ठरवणारं यंत्र. ज्या पत्त्याची वाट त्याच्या यादीत नाही, अशा निरोपासाठी आधीच एक वाट ठरवून ठेवलेली असते, तिला डिफॉल्ट राउट म्हणतात. सरांनी व्याख्या इंग्रजीत सांगितली, मी ती वहीत शब्दन् शब्द उतरवून घेतली. मला ती पाठ होती, आणि तिचा अर्थ विचारला असता तर मी तीच पुन्हा म्हटली असती.

ताई बसल्या जागेवरून म्हणाली, "सर, हे त आमच्या स्टँडवरचंच हाय. बोरीवाला आला, बोरीची गाडी. दिग्रसवाला आला, दिग्रसची गाडी. अन् एखांदा आला भलत्याच गावचा, ज्याचं नावच नाही बोर्डावर, त माहे बाबा म्हणत, मालूम नसंन त यवतमाळ. बसवून द्या, पुढचं यवतमाळवाले पाहतीन."

सरांनी फळ्यावरची व्याख्या पुसली आणि मधोमध एक चौकोन काढून त्यात "दारव्हा" असं लिहिलं.

तिला सगळंच असं येत होतं असं नाही. केबलच्या टोकाला प्लग बसवण्याचं काम तिला शेवटपर्यंत जमलं नाही. केबलच्या आत रंगीत तारांच्या जोड्या असतात, एक भरीव रंगाची आणि एक त्याच रंगाची पांढरी पट्टेवाली. नियमाप्रमाणे हिरव्या जोडीला फोडून मध्ये निळी जोडी घालावी लागते. ताईला हे मान्यच नव्हतं. "हिरव्या-हिरवीचं लग्न लागलेलं हाय, मधात हे निळं जोडपं काहून घुसवता?" असं म्हणत ती प्रत्येक वेळी जोडपी शेजारी-शेजारी बसवायची आणि प्रत्येक वेळी केबल नापास व्हायची. मग मी मुकाट्याने टोक कापून नव्याने बसवून द्यायचे. आकडेमोडही तिला नकोशी होती. संगणकाच्या आकडी पत्त्यात टिंबाच्या जागी ती स्वल्पविराम द्यायची आणि मशीन चुकीचं आहे म्हणून मशीनला रागवायची.

तिची खरी अडचण इंग्रजीची होती. पुस्तकं इंग्रजीत, परीक्षा इंग्रजीत. तिला अक्षर लावता यायचं, पण एका परिच्छेदात दुपार जायची. तेव्हा आमच्यात एक ठरलं. "तू वाच, मी समजतो. मंग मी सांगतो, तू समज." दारव्ह्याकडच्या बायका स्वतःबद्दल बोलतानाही "मी समजतो, मी सांगतो" म्हणतात, याचं मला सुरुवातीला हसू यायचं. पुढे त्या वाक्याची इतकी सवय झाली की घरी मीही एकदा "मी येतो" म्हणून बाहेर पडले आणि आई दारात येऊन बघत राहिली. दुपारच्या सुट्टीत मी वाचायचे, ती भाकरी मोडत ऐकायची आणि मधेच हात वर करून मला थांबवायची. मग तिचं सांगणं सुरू व्हायचं, यवतमाळ आणि दारव्हा, रखडलेल्या गाड्या, चुकून पुन्हा त्याच स्टँडवर आलेला प्रवासी. दोन राउटरनी एकमेकांकडेच बोट दाखवलं तर निरोप मध्येच फिरत राहतो, हे मला पुस्तकातून कळलं नव्हतं. दारव्हा म्हणतं यवतमाळात जा, यवतमाळ म्हणतं दारव्ह्यात जा, आणि म्हातारी पिशवी घेऊन दोन्हीकडे हिंडते, हे ऐकून कळलं.

अशाच एका दुपारी, मिरचीचा ठेचा माझ्या डब्यात वाढता वाढता, तिने घरचं सांगितलं. सासरची दारव्ह्यात तिखट-हळद दळायची गिरणी होती. सासूबाईंचे गुडघे गेले होते, नवरा बाहेरगावी कामाला, गिरणीवर कोणी तरी हवंच. घरच्यांनी तिला कोर्स पुरा करायला मोकळीक दिली होती. कोर्सच्या शेवटी नोकरी लागली तर लागली, नाही तर गिरणी, आणि मग पुन्हा हा विषय काढायचा नाही. ती हे तक्रारीच्या सुरात बोलली नाही. ठेचा तिखट झाला का, हे तिने जास्त काळजीने विचारलं. माझ्यावर असं काही नव्हतं. मला नोकरी लागली नसती तर बाबा म्हणाले असते, पुढच्या वर्षी बघू.

कोर्स संपला तेव्हा यवतमाळमधल्या एका मोठ्या शिक्षणसंस्थेने मुलाखती घेतल्या. जागा एकच होती. मुलाखतीच्या खोलीबाहेर व्हरांड्यात खुर्च्या मांडल्या होत्या. ताई ठेवणीतली निळी साडी नेसून आली होती आणि त्या दिवशी तिने आवाज खाली आणायचा प्रयत्न केला. माझं नाव तिच्या आधी होतं.

आत तिघे जण होते. त्यांनी मला विचारलं, आमच्या प्राचार्यांना संगणकातलं काही कळत नाही, त्यांना डिफॉल्ट राउट कसा समजावून सांगाल? पाठ असलेली व्याख्या त्या क्षणी माझ्या डोक्यातून पुसली गेली. मला आठवला तो फळ्यावरचा चौकोन. मी बोलायला लागले, चांगल्या स्वच्छ इंग्रजीत, बोरीवाला, दिग्रसवाला, आणि ज्याचं गाव बोर्डावर नाही तो. माहीत नसेल तर यवतमाळ. ते तिघेही पुढे सरकून बसले. त्यातल्या बाई हसून म्हणाल्या, इतकं सोपं करून आम्हाला कोणी सांगितलं नव्हतं. कोणी माझ्या बोलण्यावर खूश होण्याची मला सवय नव्हती. मी थांबले नाही, पिशवीवाल्या म्हातारीपर्यंत गेले.

बाहेर आले तेव्हा ताईने विचारलं, काय विचारलं? मी म्हणाले, डिफॉल्ट राउट. तिचा चेहरा उजळला. म्हणजे तिचं कामच झालं होतं. तिने पदर सारखा केला आणि मी आणखी काही बोलायच्या आत तिचं नाव पुकारलं गेलं.

दार बंद झालं. आतल्या तिघांचं मला काही ऐकू येत नव्हतं. ताईचं सगळं येत होतं. बोरीवाला आला, बोरीची गाडी. दिग्रसवाला आला, दिग्रसची गाडी. मग ती थांबली. कोणी तरी काही तरी म्हणालं असावं आणि आत हशा झाला असावा. मला ती शांतता आजही ऐकू येते, कारण ताई खोलीत असताना तेवढी शांतता मी कधी ऐकली नव्हती. मग तिचा आवाज आला, नेहमीसारखा मोठा आणि मोकळा.

"हो सर, तिचंच हाय थे. तिच्याजवळूनच शिकली मी."

मी माझी फाइल मांडीवर धरून बसले होते. दार माझ्यापासून हाताच्या अंतरावर होतं.

नंतर आम्ही दोघी स्टँडसमोरच्या टपरीवर चहाला गेलो. मी "ताई, मी तिथं" इतकं म्हणाले आणि पुढचं मला जमेना. ती बशीत चहा ओतत होती.

"एकाच तिकिटावर दोघी चढलो होतो वं," ती म्हणाली. "माहं हाय म्हटलं असतं, त कंडक्टरनं दोघीलेही खाली उतरवलं असतं. एक त पोहोचन. चहा पी, थंडा होऊन राह्यला."

हे ती रागाने म्हणाली असती तर मला पुढे काही बोलता आलं असतं. तिने तो हिशेब आतच, त्या शांततेत करून टाकला होता, आणि बाहेर येऊन फक्त निकाल सांगत होती. नोकरी मला लागली. फोनवर तिने अभिनंदन केलं, मशीनवर ओरडायचं असेल तर मला फोन लाव म्हणाली, जय भीम म्हणून फोन ठेवला.

मी आता त्या संस्थेचं नेटवर्क सांभाळते. नवीन आलेल्या मुलांना शिकवायचं कामही माझ्याकडे आलं आहे, कारण मी सोपं करून सांगते अशी माझी ख्याती झाली आहे. आमच्या मुख्य राउटरवर डिफॉल्ट राउटच्या वर्णनात कोणी तरी "यवतमाळ" असं लिहून ठेवलं आहे. नवी मुलं विचारतात, आपण यवतमाळातच आहोत ना? मग जुने लोक हसून माझ्याकडे बोट दाखवतात. मी एकदा साहेबांना सांगितलं की ते वाक्य माझं नाही, एका मैत्रिणीचं आहे, ती त्याच दिवशी मुलाखतीला आली होती. साहेब म्हणाले, असेल, पण सांगितलं तर तुम्हीच ना. आणि मला सुट्टीच्या अर्जावर सही करून दिली. ती सुट्टी मी दारव्ह्याला जाण्यासाठी मागितली होती.

ताई गिरणीवर होती. नाकाला ओढणी बांधलेली, पापण्यांवर तिखटाची लाल धूळ. उन्हाळ्यापूर्वीची दळणाची गर्दी होती आणि यंत्राचा आवाज असा की समोरच्याचे ओठ हललेले तेवढे दिसावेत. अर्थात ताईचं प्रत्येक वाक्य त्यावरून ऐकू येत होतं. ती गिऱ्हाइकांना डबे उतरवायला सांगत होती, मला खोकला आला तर गूळ खा म्हणत होती, माझ्या ऑफिसातल्या केबलमध्ये अजून हिरव्या जोडप्याला फोडता का विचारत होती. मी मान हलवत होते. टपरीवर अर्धवट राहिलेलं, खूप दिवस मनात घोळवलेलं वाक्य मला म्हणायचं होतं. शेवटी यंत्र सुरू असतानाच मी ते म्हणून टाकलं. मला स्वतःलाच माझा आवाज ऐकू आला नाही. ती हातातलं फडकं झटकत म्हणाली, "काय म्हणतं?" मी मान हलवून म्हणाले, काही नाही. डोळ्यांतून पाणी येत होतं, पण तिथे सगळ्यांच्याच येत होतं.

संध्याकाळी ती मला सोडायला स्टँडवर आली. कंट्रोलरच्या केबिनमध्ये आता दुसरं कोणी बसलं होतं. गाडी लागल्याची घोषणा त्याने केली ती कोणालाच कळली नाही, तेव्हा ताईनेच फलाटावर उभं राहून यवतमाळ, यवतमाळ असा पुकारा केला आणि दोन म्हाताऱ्यांना हाताला धरून चढवलं. मी खिडकीशी बसले. ती खाली उभी राहिली. गाडी सुरू झाली तसं तिने खिडकीच्या गजाला हात लावला, तोंड जवळ आणलं आणि मी तिला ओळखत असल्यापासून पहिल्यांदाच ती हळू बोलली. इतकं हळू की शेजारच्या बाईलाही ऐकू गेलं नसेल.

"आयकू आलतं मले थे, गिरणीत."

मग गजावरचा हात काढून तिने गाडीला दोन थापा मारल्या आणि पुन्हा तिच्या नेहमीच्या आवाजात, सगळ्या स्टँडला ऐकू जाईल असं म्हणाली, "जा आता. पुढचं यवतमाळवाले पाहतीन."