आईचा फॉर्म मी भरला नव्हता

हसणार असाल तर आधीच हसून घ्या, मग वाचा. बुधवार पेठेतल्या बँकेत माझी तीस वर्षं गेली. सही-शिक्क्याशिवाय मी कशावर विश्वास ठेवत नाही. भुताखेतांचं तर नावच नको.

आईला वारज्याच्या एका वृद्धाश्रमात ठेवलं... हा ‘ठेवलं’ शब्द अजून टोचतो. तिथे प्रत्येकाच्या काळजीचा वेगळा आराखडा करतात. त्यासाठी घरच्यांनी चार पानी फॉर्म भरायचा — काय आवडतं, कशाची भीती वाटते, अंघोळ कशी लागते. मी उभ्या-उभ्या पाच मिनिटांत उरकला. नाव, औषधं, शुगर. उरलेल्या रकान्यांत बँकेच्या सवयीनं ‘लागू नाही’ लिहीत सुटले. आईच्या भीतीपुढेही — ‘लागू नाही’. लाज वाटते हो सांगताना.

पंधरा दिवसांनी, रविवारी गेले. तिथल्या सेविका, सुरेखामावशी, आईला अंघोळ घालत होत्या. आधी पायांवर पाणी, मग गुडघ्यांवर, आणि तोंडाची अखंड बडबड. आई चक्क हसत होती. घरी माझ्या हातून अंघोळ म्हणजे रोजची रडारड!

“हे तुम्हाला कोणी सांगितलं?”

“आवं ताई, तुमीच की! मंगळवारी दुपारी आला होता. दोन तास आईंपाशी बसून समदं लिहून दिलंत.”

त्या मंगळवारी शाखेत ऑडिट होतं. डबासुद्धा मी टेबलावरच खाल्ला, अख्खी शाखा साक्षीला आहे. आश्रमाच्या ऑफिसात जाऊन आईची फाइल काढायला लावली. सगळे ‘लागू नाही’ खोडलेले, आणि शेजारी... माझंच अक्षर. ‘पाणी एकदम अंगावर ओतू नये. धाकटा भाऊ विहिरीत बुडाला तेव्हा ही काठावर होती. अंघोळ घालताना बोलत राहावं.’

मला एक मामा होता, हेच मला ठाऊक नव्हतं!

आईला विचारलं. म्हणाली, “अगं, तूच विचारलंस ना? इतक्या वर्षांत पहिल्यांदा. बरं वाटलं बाई मला.”

मी ‘हो’ म्हणाले. न केलेल्या मायेचं कौतुक मुकाट्यानं घेतलं. इतकी कोडगी आहे मी.

पुढे दर रविवारी जाऊ लागले. काही विचारायला जायचे, पण जमायचं नाही. डोळा सारखा घड्याळाकडे. आईलाही ते दिसत असणार.

डॉक्टर मैत्रीण म्हणते, ताणामुळे तूच जाऊन आलीस आणि विसरलीस. मग ऑडिटला कोण बसलं होतं? आणि मामाचं कोणी सांगितलं? उत्तर शोधायचा आता धीर नाही.

कारण शेवटच्या आजारात रजा काढून मी आईच्या उशाशी बसले होते. तिचा हात हातात घेतला. तिनं डोळे उघडले, माझ्याकडे नीट पाहिलं आणि हळूच हात सोडवून घेतला.

“तू जा, तुला उशीर होईल,” ती म्हणाली. “मंगळवारची येईल आता. तिला माझं सगळं माहीत आहे.”